किल्ली कुणाकडे आहे?

वाचकांचे प्रश्न

मंदी येणार, घरं रिकामी पडणार आणि मग रस्त्यानं चालणं मुश्कील होणार, अशा धाटणीची पत्रं या महिन्यात इतकी आली की संपादकांनी सगळा गठ्ठाच माझ्याकडे धाडून दिला. मी गुन्हेगारीची पंडित नाही. 31 वर्षं इमारतींची पाहणी केली, त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या होत्या. कुलूप तोडून आत जायचं, काय उरलंय ते वहीत उतरवायचं, बाहेर येऊन नवं कुलूप घालायचं. त्या वह्यांमुळे वाचनाचा नाद लागला आणि वाचनामुळे हे सदर गळ्यात पडलं. सात पत्रं निवडली आहेत. काही बरीच कापली, लिहिणाऱ्यांनी माफ करावं.

प्रश्न : आम्हा कामगारांना सरळ उत्तर हवं असतं. कारखाना बंद पडला की चोऱ्यामाऱ्या वाढतात, हे गणित पक्कं आहे का? (एक निवृत्त फिटर)

तुम्हाला मी काय सांगणार, बंद पडलेलं यंत्र त्याच दिवशी गंजत नाही. तेलपाणी थांबतं तेव्हा गंजायला लागतं, आणि त्यालाही काही पावसाळे जावे लागतात.

अमेरिकेची जुनी आकडेवारी सहज मिळते, म्हणून तिथलेच दाखले देते. 1933 साली तिथं चार कामगारांतला एक बेकार होता आणि खुनांचं प्रमाणही त्याच सुमारास शिगेला पोचलं होतं. इथवर तुमचं गणित जुळतं. पण त्यापुढच्या वर्षांत बेकारी दोन आकडी राहिली आणि खून मात्र उतरत गेले. 1960च्या दशकात नोकऱ्यांना तोटा नव्हता, तरी गुन्हे चढले. 2008च्या मंदीत तर सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. ऑक्टोबर 2009 मध्ये बेकारी 10 टक्क्यांवर गेली. 2008, 2009, 2010 या तिन्ही वर्षी हिंसक गुन्हे कमी झाले.

यावरून बेकारीचा काही संबंधच नाही असं म्हणू नका. चोरी, घरफोडी यांचा कमी शिकलेल्या तरुणांच्या पगाराशी आणि नोकरीशी संबंध दिसतो. खुनाचा तितका सरळ दिसत नाही. 2020 साली हे दोन धागे अगदी वेगळे झाले. अमेरिकेत एका वर्षात खून जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढले आणि घरफोड्या घटल्या. घरफोड्या का घटल्या? माणसं घरात बसून होती, घर फोडणार कधी?

आता कारखान्याकडे येते. ओहायो राज्यातलं यंगस्टाउन हे पोलादाचं गाव. 19 सप्टेंबर 1977, सोमवार. त्या दिवशी तिथल्या सर्वांत मोठ्या पोलाद कारखान्यांपैकी एक बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि सुमारे 5,000 जणांच्या नोकऱ्या गेल्या. लोक आजही त्याला काळा सोमवार म्हणतात. मंगळवारी कुणी कुणाचं घर फोडलं नाही. पहिली दोनेक वर्षं शिल्लक पुरते. मग ज्याला दुसरीकडे काम मिळू शकतं तो आधी निघतो, म्हणजे तरुण, हुन्नर असलेला, मुलंबाळं असलेला. त्याचं घर विकलं जात नाही, कारण घेणाराही निघायच्याच तयारीत असतो. घरपट्टी बुडते, ती बुडाली की रस्त्यावरचे दिवे जातात, मग शाळेचा एखादा वर्ग, मग शाळाच. 1950 साली 1,68,000 वस्ती असलेल्या या गावात 2020च्या जनगणनेला 60,000 माणसं उरली होती. रस्ते आणि गटारं मात्र पहिल्याइतक्याच लांबीची!

मोटारींचं शहर डेट्रॉइट हे याचंच थोरलं भावंड. 1950 साली साडेअठरा लाख, 2020 साली 6,39,000. जुलै 2013 मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हाच्या कागदपत्रांतल्या तीन नोंदी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. रस्त्यावरचे सुमारे 40 टक्के दिवे बंद. रिकाम्या इमारती सुमारे 78,000. फोन केल्यावर पोलिस यायला सरासरी 58 मिनिटं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या तीन नोंदींत आहे. कारखाना गेल्यावर लगेच चोर येत नाही, आधी तेलपाणी जातं. आणि ते परत सुरूही करता येतं. त्याच शहरानं पुढच्या तीन वर्षांत 65,000 नवे दिवे लावले, हजारो पडकी घरं पाडली; 2024 साली तिथं 203 खून झाले, 1965 नंतरचा तोवरचा सर्वांत कमी आकडा. वस्ती घटली आहे हे जमेस धरलं तर तो आकडा अजूनही जड आहे, आणि सगळं श्रेय दिव्यांना देणंही बरोबर नाही. पण उतार खरा आहे.

प्रश्न : मी कर्जवसुलीच्या खात्यात काम करते. जप्त झालेल्या घरांमुळे आजूबाजूला गुन्हे वाढतात असं वाचलं आणि झोप उडाली. म्हणजे आम्हीच हे करतोय का? (एक वाचक)

तुम्ही वाचलंत ते बहुधा शिकागोच्या 2006 सालच्या अभ्यासावरून आलेलं असणार. ज्या भागात जप्त्या जास्त, तिथं हिंसक गुन्हे जास्त, असं त्यात दिसलं होतं. पण जप्तीत दोन गोष्टी एकात एक गुंडाळलेल्या असतात: कागदावर मालकी डळमळीत होते आणि घर रिकामं होतं. पिट्सबर्ग शहरावर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं या दोन गोष्टी सुट्या केल्या. घरावर जप्ती आली पण माणसं आत राहतायत, तोवर आजूबाजूच्या गुन्ह्यांत फरक नाही. तेच घर रिकामं झालं की अडीचशे फुटांच्या आत हिंसक गुन्हे सुमारे 19 टक्क्यांनी वाढलेले. आणि जितके दिवस रिकामं, तितका परिणाम जास्त.

मला तो आकडा वाचून नवल वाटलं नाही. एका घरात मी वर्षभरात तीनदा गेले होते. पहिल्या खेपेला भिंतीवर कॅलेंडर होतं, खणात दोऱ्याची रिळं होती, माणसं आत्ता कुठे बाहेर गेल्यासारखं. तीन महिन्यांनी गेले तर नळ नव्हते. भिंतीतून वायरी ओढून काढलेल्या, त्यांच्या जागी उंदरानं कोरावी तशी लांबच लांब चर. तिसऱ्या वेळी वरच्या खोलीत गादी, राख आणि फुटकी खिडकी. शेजारच्या आजींना विचारलं, तुम्हाला काही ऐकू आलं नाही का? त्या म्हणाल्या, तीन रात्री ठोकाठोकी चालली होती, मला वाटलं दुरुस्ती काढली असेल.

आजींचं काय चुकलं? घर आता कुणाचं, किल्ली कुणाकडे, हे गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. ठोकणारा सुतार आहे की चोर, हे ओळखायचं कसं? मालक ठाऊक असता तर त्यांनी त्याला कळवलं असतं. मी तेव्हापासून अहवालात एक रकाना वाढवला: किल्ली कुणाकडे. आमच्या साहेबांना तो फालतू वाटायचा.

भंगाराचा भावही लक्षात घ्या. तांबं महागलं की रिकाम्या घरांच्या वायरी आधी जातात. 2000 नंतरच्या दशकात तांब्याचे भाव चढले तेव्हा कितीतरी देशांत हेच झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2012-13 साली कायदे आले आणि भंगार रोखीनं घ्यायला बंदी झाली, म्हणजे विकणाऱ्याचं नाव मागे राहावं. घराला नुसतं कुलूप घालून भागत नाही, चोरीचा माल खपतो तिथंही कुणीतरी बघायला हवं.

आता जे सुधारता येतं त्याबद्दल. फिलाडेल्फियात 2011 साली नियम आला की रिकाम्या इमारतीलाही चालती दारं आणि खऱ्या खिडक्या हव्यात, फळ्या-पत्रे ठोकून चालणार नाही. ज्या मालकांनी तो पाळला त्यांच्या इमारतींभोवती बंदुकीचे हल्ले कमी झाल्याचं दिसलं. माझ्या मते यात जादू काही नाही. पत्रा ठोकलेलं घर लांबूनच ओरडून सांगतं की इथं कुणी येत नाही. त्याच शहरात मोकळ्या पडलेल्या जागांवर मोठा प्रयोग झाला, 2018 साली तो छापून आला. 541 जागा घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा गटांत वाटल्या. काहींचा कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि झाडं लावली, कमरेएवढं लाकडी कुंपण घातलं, त्यात आत जायला वाट ठेवली. काहींचा फक्त कचरा उचलला, काहींना हातच लावला नाही. गरीब भागांत, जिथं हात फिरवला होता तिथं, बंदुकीची हिंसा 29 टक्क्यांनी कमी झाली. ती पलीकडच्या गल्लीत सरकलेलीही दिसली नाही. पोलिस वाढवले नव्हते, लोकांचे पगार वाढवले नव्हते.

तेव्हा झोप उडवून घेऊ नका, कामाची पद्धत तपासा. जप्ती आणि नवा रहिवासी यांच्यामधले महिने मोजा. ज्याचं कर्ज थकलंय त्याला विक्री होईपर्यंत भाड्यानं तिथंच राहू दिलं तर तुमच्या खात्यालाही नळ आणि वायरी शाबूत असलेलं घर मिळेल.

प्रश्न : ताई, आम्हाला समाजशास्त्राला तुटक्या खिडक्यांचा सिद्धान्त आहे. सर म्हणतात क्रांतिकारक, इंटरनेटवर म्हणतात खोटा. परीक्षेत काय लिहू? (बी.ए.ची विद्यार्थिनी)

परीक्षेत सरांचं लिही, गुण त्यांच्या हातात आहेत! मनात मात्र एवढं धरून ठेव.

जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी 1982 साली एका मासिकात तो मांडला. एक खिडकी फुटकीच ठेवली तर बाकीच्याही फुटतात, कारण इथं कुणाला पर्वा नाही असं त्यातून सगळ्यांना कळतं. इथवर मला पटतं, मी ते पाहिलंय. घोळ पुढे झाला. त्यातून निघालेल्या पोलिसी धोरणांत खिडकी दुरुस्त करणं बाजूलाच राहिलं आणि खिडकीजवळ उभ्या असलेल्या पोराला पकडणं सुरू झालं. काच बसवायला काचवाला लागतो. अटक वेगळी, काच वेगळी.

शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 343 वस्त्यांतल्या 8,782 लोकांना विचारलं: शाळा बुडवून पोरं नाक्यावर उभी राहिली तर शेजारी काही बोलतील का? भांडण पेटलं तर कुणी मध्ये पडेल का? 1997 साली निष्कर्ष आला. सारख्याच गरीब वस्त्यांत, जिथले लोक हो म्हणाले तिथं हिंसा बरीच कमी होती. याला ते सामूहिक सक्षमता म्हणतात. जड शब्द आहे, अर्थ साधा: शेजाऱ्यानं बोलायचं, आणि बोलल्यावर कुणी त्याच्या अंगावर येणार नाही एवढा त्याला भरवसा असायचा. पण असा शेजारी तयार व्हायला वर्षं लागतात. दर अकरा महिन्यांनी घर बदलायला लावलेल्या माणसाकडून तू ही अपेक्षा करू शकत नाहीस.

उदाहरण हवं असेल तर डेट्रॉइटचंच दे. तिथं ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत रिकाम्या घरांना आगी लावायचं खूळ होतं. 1984 साली तीन दिवसांत 800 हून जास्त आगी लागल्या. 1995 पासून हजारो रहिवासी त्या रात्री दिवे लावून गल्लीत फिरू लागले, तेव्हा आगी कमी झाल्या.

आणि एक आकडा पाठ कर, तो सरांना माहीत नसेल. मिनियापोलिस शहरात पोलिसांना आलेल्या फोनांपैकी निम्मे फोन शहरातल्या सुमारे 3 टक्के पत्त्यांवरून आलेले निघाले. हा अभ्यास 1989 सालचा. म्हणून कुणी ‘तो भाग वाईट आहे’ म्हणालं की विचार: कुठला पत्ता?

प्रश्न : तुम्ही सगळे गोड बोलता. खरं हे आहे की स्वस्त घरं बांधून गरिबांना एकत्र आणलं की गुन्हेगारीचा अड्डा होतो. भाडेकरू आले की वस्ती बिघडते. छापायची हिंमत आहे का? (एक घरमालक)

छापलं. आता उत्तरही वाचा.

तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देते. सेंट लुइस शहरात प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत होती. अकरा मजली 33 इमारती, 1950च्या दशकात उभ्या राहिलेल्या. वीस वर्षांच्या आत जिने अंधारे, लिफ्टमध्ये मारहाण, निम्म्याहून जास्त घरं ओस. 1972 साली सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली, 1976 पर्यंत सगळं सपाट. झालं तुमचं समाधान?

आता त्या वसाहतीचा हिशोब बघा. बांधायला पैसे सरकारनं दिले, पण दुरुस्ती आणि देखभाल भाड्यातून भागवायची होती. त्याच काळात शहर रिकामं होऊ लागलं (1950 साली साडेआठ लाखांवर, 2020 साली 3 लाख), कामं उपनगरांत गेली, जे थोडं बरं कमावत होते ते रहिवासीही गेले. भाडं घटलं म्हणून दुरुस्ती घटली, दुरुस्ती नाही म्हणून आणखी माणसं गेली. काटकसर म्हणून लिफ्ट दर मजल्यावर थांबतच नव्हती. उतरून अंधारा जिना चढायचा. पैसा जिथं वाचवला तिथंच माणसं लुटली गेली.

भाडेकरूंबद्दल. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी शिकागोतल्या बालगुन्हेगारांचे पत्ते कित्येक वर्षांचे नकाशावर मांडले, 1942 साली ते प्रसिद्ध झालं. कारखान्यांलगतच्या त्याच पट्ट्यात एकामागून एक वेगवेगळ्या देशांतले लोक येऊन राहिले आणि निघून गेले. प्रत्येकाबद्दल शेजारी म्हणायचे, ही जातच तसली. ते लोक चांगल्या भागात गेले की त्यांची पोरं सरळ. पट्ट्यातले आकडे मात्र तसेच, नव्या आलेल्यांच्या नावावर. म्हणजे बिघडलेलं काय होतं?

एक गोष्ट मात्र तुमच्याकडून मान्य करते. नुसतं उचलून दुसरीकडे नेऊन भागत नाही. अमेरिकेत 1994 पासून पाच शहरांत सुमारे 4,600 कुटुंबांवर प्रयोग झाला. चिठ्ठी निघालेल्यांना गरीब वसाहतीतून बऱ्या भागात जायला मदत मिळाली. मुलींना त्याचा फायदा दिसला. थोरल्या मुलग्यांना नाही, उलट त्यांच्या मालमत्तेच्या गुन्ह्यांतल्या अटका काही काळानं वाढल्या. जुने दोस्त सुटले, नवे मिळाले नाहीत. पण 13 वर्षांच्या आतली जी मुलं गेली, ती विशीच्या मध्यावर इतरांपेक्षा 31 टक्के जास्त कमावत होती. लहानपणी गेली तर लागू पडतं, मिसरूड फुटल्यावर अवघड.

प्रश्न : जपानमध्ये लाखो घरं रिकामी आहेत, तिथं गुन्हे का नाहीत? तुमचा सिद्धान्त तिथं आपटतो. (एक अभियंता)

आपटतो, आणि बरं झालं विचारलंत. 1993 साली तिथं 45 लाखांच्या आसपास रिकामी घरं होती, 2023 साली 90 लाख. दुप्पट. गुन्ह्यांची नोंद 2002 साली 28 लाखांवर होती, ती 2021 साली पावणेसहा लाखांच्या आत आली. एवढी विरुद्ध दिशेची रेघ दुसरीकडे शोधून सापडायची नाही.

मला सुचतं ते असं. तिथली घरं म्हातारा-म्हातारी गेल्यानं एकेक करून रिकामी होतात. एका सोमवारी अर्धी गल्ली ओस पडत नाही. उरलेला शेजार जुना, एकमेकांना ओळखणारा. बंदुका जवळपास नाहीत. आणि ज्या वयात माणूस मारामाऱ्या करतो त्या वयाची माणसंच कमी. रिकामं घर स्वतः काही करत नाही, तो नुसता आडोसा. आडोसा वापरणारा हवा, आणि त्याला हटकणारा नको, तेव्हा गुन्हा. तरी तिथंही अलीकडे फसवणुकीच्या टोळ्या रिकाम्या घरांचे पत्ते पार्सलं घेण्यासाठी वापरतात, आणि 2021 नंतर गुन्ह्यांची नोंद पुन्हा वर जाते आहे.

मेक्सिकोची गोष्ट याच्या उलट. तिथं 2000 नंतर कर्जावर लाखो छोटी घरं शहरांपासून लांब बांधली गेली, रोजगारापासून तासन्‌तास दूर. हप्ते परवडेनात, जाण्यायेण्यातच पगार संपू लागला. लोक कोरी घरं टाकून निघून गेले. 2010च्या जनगणनेत देशभर सुमारे 50 लाख घरं निर्मनुष्य निघाली. सीमेजवळच्या शहरांत त्यांतली कित्येक घरं टोळ्यांच्या हाती पडली. तिथं जुना शेजार नव्हताच, सगळेच नवखे.

प्रश्न : पुढच्या वीस वर्षांत काय होईल ते सांगा. ‘अवलंबून आहे’ हे उत्तर नको. (एक पत्रकार)

भविष्य सांगणाऱ्यांचे दोन किस्से आधी सांगते. 1995 साली जॉन डिलुलियो या प्रिन्स्टनच्या प्राध्यापकानं इशारा दिला की अमेरिकेत निर्दय पोरांची नवी पिढी येते आहे, ‘सुपरप्रिडेटर’. घाबरून राज्याराज्यांनी पोरांना मोठ्यांच्या कोर्टात उभं करायचे कायदे कडक केले. प्रत्यक्षात पोरांचे गुन्हे घसरत गेले. प्राध्यापकांनी पुढे चूक मान्य केली, पण तोवर पोरं आत होती. दुसरा किस्सा घरांचा. 2006 साली नियोजनतज्ज्ञ आर्थर नेल्सन यांनी अंदाज केला की 2025 पर्यंत अमेरिकेत ऐसपैस जागेवरची 2.2 कोटी घरं जास्तीची ठरतील, आणि त्यावरून उपनगरं उद्याच्या झोपडपट्ट्या होतील असं लोक लिहू लागले. 2020च्या अखेरीस तिथं उलट सुमारे 38 लाख घरं कमी पडत असल्याचा हिशोब निघाला.

तरी तुम्ही हट्ट धरलाय, तर मी कुठे नजर ठेवीन ते सांगते. पहिली जागा शहराची कड. 2000 नंतरच्या दशकात अमेरिकेत उपनगरांतले गरीब शहरांतल्या गरिबांपेक्षा संख्येनं जास्त झाले. कडेला बस कमी, दवाखाना लांब, पोलिसांची चौकी एकच; गरिबीला जी यंत्रणा लागते ती सगळी मध्यवस्तीत राहिलेली. दुसरी जागा महागाईची. रिकाम्या घरांचं भय आपण बाळगतो, पण ज्या शहरात घरं पुरत नाहीत तिथं एका खोलीत तीन कुटुंबं राहतात आणि पोरं रस्त्यावर वाढतात, शेजार टिकत नाही. ओस शहर आणि कोंदट शहर, दोन्हीकडे हटकणारा माणूस नाहीसा होतो, फक्त कारणं वेगळी. मला स्वतःला दुसऱ्याची जास्त धास्ती वाटते, कारण तिथं भाव चढत असतात आणि भाव चढताना कुणी तक्रार ऐकत नाही.

तिसरी जागा म्हणजे मालक निघून गेलेल्या मोठ्या इमारती. जोहान्सबर्गची मध्यवस्ती बघा. 1990च्या दशकात कंपन्या आणि मालक उठून गेले, इमारती टोळ्यांनी बळकावल्या आणि त्याच भाडं उकळू लागल्या. 31 ऑगस्ट 2023 च्या पहाटे अशा एका इमारतीला आग लागली, 76 माणसं गेली. मालक कोण निघाला? शहराची महापालिका. 2020 नंतर जगभर ओस पडलेली कार्यालयं पाहिली की मला ती इमारत आठवते.

उलट पूर्व जर्मनीतलं लायप्झिग. जर्मनी एक झाल्यावर तिथून माणसं निघून गेली, 2000 च्या सुमारास 60,000 च्या आसपास घरं रिकामी होती. 2004 पासून तिथल्या एका संस्थेनं ‘राखणीची घरं’ सुरू केली: भाडं नाही, फक्त वीज-पाण्याचा खर्च द्या, छप्पर गळू देऊ नका, खिडक्या सांभाळा. मालकी मालकाकडेच. पुढे शहर पुन्हा भरलं तेव्हा त्या इमारती जाग्यावर होत्या. तुम्हाला बातमी हवी असेल तर मंदीच्या आकड्यांपेक्षा अशी व्यवस्था कुठे आहे आणि कुठे नाही याची यादी करा.

प्रश्न : आमच्या गल्लीत एक घर दोन वर्षं बंद आहे. मालक दूर असतात. पोलिसांत कळवू का? (एक गृहिणी)

अजून पोलिसांचं काम नाही. आधी मालकांचा फोन नंबर मिळवा आणि तो गल्लीतल्या चार घरांत लिहून ठेवा. त्यांना सांगा की पाण्याचा मुख्य नळ बंद करून घ्या, दारात साचलेलं टपाल उचलायला कुणाला तरी नेमा, काच फुटली तर पत्रा न ठोकता काचच बसवा. एक किल्ली ते तुमच्याकडे ठेवत असतील तर लेखी घ्या, दोघांच्या सह्या करा. उपकारापोटी घेतलेली किल्ली पुढे भांडणाचं कारण होते, हे मी पाहिलंय. महिन्यातून एकदा मागच्या बाजूनं फेरी मारा. पुढच्या दाराला सगळेच बघतात, कडी निखळते ती मागच्या. आणि रात्री ठोकाठोकी ऐकू आली तर दुरुस्ती काढली असेल म्हणून कूस बदलून झोपू नका. मालकांना उठवा आणि विचारा, सुतार तुम्ही पाठवलाय का?